पडद्यावरची ओलेना

मार्चातलं वादळ तिसऱ्या दिवशीही हटेना. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या माळावर बर्फानं कुंपणं गिळली, रस्ता गिळला. वासिल हावरिलुक वाट चुकू नये म्हणून गोठ्यापासून घरापर्यंत बांधलेल्या दोरीला धरून घरात शिरला, तेव्हा भुवयासुद्धा थिजल्या होत्या.

त्याची बायको ओलेना तीनशे किलोमीटरवर शहरातल्या दवाखान्यात पडली होती. उद्या सकाळी ऑपरेशनसाठी तिची छाती उघडायची होती. लेक नताल्का तिच्यापाशी होती. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, दोन वाजता आई कॉम्प्युटरवर दिसंल. मी लिंक धाडलीय."

लेकीनं नाताळात आणून ठेवलेलं ते यंत्र वासिलनं आजवर उघडलंही नव्हतं. त्यानं चार मैलांवरच्या शेजारणीला, डार्लीनला, फोन लावला.

"दादा, माऊस धरा आन् हलवा. पडद्यावर बाण हलतोय?"

"न्हाई."

"उचलून धरलाय का काय? टेबलावर ठिवून सरकवा."

बाण सुळकन कोपऱ्यात पळाला.

"चाळीस वर्सं गुरं राखली, पन असलं बुजरं जनावर बघितलं न्हाई," वासिल पुटपुटला.

"आता ब्राउझर उघडा."

"त्यो काय आसतो?"

"इंटरनेट म्हंजी मुलूख धरा. ब्राउझर म्हंजी त्यात फिरायची गाडी. लिंक म्हंजी पत्ता. त्यावर बाण न्या, माऊसचं बटन दाबा, की गाडी थेट दारात."

"पासवर्ड मागतंय."

"ती कुलपाची किल्ली. नताल्कानं कागदावर लिवलीय न्हवं?"

वासिलनं एका बोटानं एकेक अक्षर टिपलं. दोनदा चुकलं.

"माझ्याच घरात मला चोर ठरवतंय गं हे."

"पयलं अक्षर मोठं हाय का बघा."

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पडदा उजळला आणि ओलेना दिसली. उशीला टेकलेली, केस विंचरलेले. तिचे ओठ हलत होते.

"बोलतीय ती, पन ऐकू येईना."

"म्यूट आसंल, म्हंजी आवाज बंद. तुमच्या बाजूचा आवाज चालू हाय?"

"चालू दिसतोय."

"मग तिकडून बंद हाय. ते तुमच्या हातात न्हाई, दादा."

ओलेनानं हात वर केला. तो तसाच वर राहिला. पापणीही हलेना. "आता ती हलंना बी," वासिल फोनवर म्हणाला.

"नेट गेलं आसंल," डार्लीन म्हणाली. "बंद करून परत चालू करा."

"बंद केल्यावर ती परत दिसंल?"

"सांगता येत न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे."

तो चेहऱ्याकडं बघत बसला. तेवढ्यात गोठ्यातून व्यायला टेकलेली गाय अडल्यासारखी हंबरली. पाय आडवे आले असतील, तर वासरू हातानं फिरवावं लागणार होतं.

"आलोच," तो पडद्याला म्हणाला आणि दोरी धरून बाहेर पडला.

तासाभरानं परतला, तेव्हा कोपरापर्यंत हात रक्तानं भरले होते. पडदा काळा झाला होता. कुठली कळ दाबायची ते डार्लीननं सांगितलं नव्हतं, आणि वादळानं फोनही आता मुका झाला होता. वासिल खुर्चीत टेकला. यंत्राला डाग लागू नये म्हणून दोन्ही हात अधांतरी धरून, काळ्या काचेकडं बघत राहिला.