खांद्यावर बसलेली बायको

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर महाराज एकेकाचा दुखरा खांदा बरा करत होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. एका रंगाऱ्याची पाळी आली. महाराजांनी त्याचा तळवा जमिनीकडे वळवला आणि हात बाजूने वर करायला सांगितला. हात खांद्यापर्यंत आला आणि कळ मस्तकात गेली.

"तुझी गेलेली बायको बसलीय इथे," महाराज म्हणाले. "सोडवतो तिला."

रंगारी छत्तिशीचा. दिवसभर छतं रंगवायची, सुट्टीला व्हॉलीबॉल बडवायचा. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजायला लागलीय, सुरुवातच आहे, व्यायामाने सांभाळता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि काहीच केलं नाही. बायको जाऊन वर्ष झालं होतं; कूर्चेचं कोणाला पडलं होतं?

महाराजांनी फुंकर मारली. "आता अंगठा आकाशाकडे कर आणि तिला निरोप दे."

हात थेट कानाला लागला. रंगारी ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी छत रंगवताना कळ परत आली, तेव्हा हा शहाणा शिडीवर उभा राहून म्हणाला, "आलीस?" त्या दिवसापासून तो दुखणं जपायला लागला. शिडीवर गप्पा सुरू झाल्या. घरातला किराणा संपल्याचंसुद्धा तो खांद्याला सांगायचा.

एकदा मेहुणीने हे ऐकलं. ती फिजिओथेरपिस्ट. तिने त्याला भिंतीपाशी उभं केलं. तळवा खाली ठेवून हात वर करायला लावला. अडकला. मग अंगठा वर करायला लावला. गेला.

"निरोप न देताच?" त्याने विचारलं.

"दंडाच्या हाडाला उंचवटा असतो, भाऊजी. तळवा खाली असला की तो खांद्याच्या वरच्या हाडाला अडकतो, अंगठा वर फिरवला की बाजूला सरकतो. झीज आहे तेवढीच आहे. असंच दुखणं जपलंत तर चाळिशीनंतर लेकीची शाळेची बॅगसुद्धा उचलता येणार नाही." मग हळूच म्हणाली, "ताई कधी कोणाच्या खांद्यावर बसली नाही. तुमच्या तर नाहीच."

रंगारी हसला. मेहुणीने डोळे पुसले आणि दाराच्या कडीला व्यायामाचा रबरी पट्टा बांधला.

आता तो रोज तोंड वाकडं करून पट्टा ओढतो, छताला लांब दांड्याचा रोलर वापरतो आणि मैदानात फक्त पास देतो. बायकोची आठवण येतेच, हात दुखो न दुखो.

गेलेल्या माणसाला सांध्यात शोधू नका. सांधा डॉक्टरांना दाखवा, आणि कोणी चमत्कार करून दाखवला तर आधी अंगठा कुठे वळवलाय ते बघा.