मंगरूळची मखमल

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत युनूस शिंप्याचं दुकान होतं. हाताला सफाई अशी, की त्याने शिवलेला कोट पुन्हा उसवायची वेळ कधी येत नसे. पण तोंडातून शब्द काढायचा म्हटलं की त्याचं गाडं अडायचं. गिऱ्हाईक पुढे उभं राहिलं तरी तो हातातल्या टेपशीच बोलायचा. रस्त्यात कुणी सलाम केला तर त्याचं उत्तर ओठांतच विरायचं आणि समोरच्याला वाटायचं, शिंपी गर्विष्ठ आहे. गर्व कसला नि काय! चार माणसं जमली की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा, एवढंच. तिशी उलटली, लग्न झालं, तरी ते काही गेलं नव्हतं.

एका हिवाळ्यात मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्याचे नाईक भाऊसिंग यांनी त्याच्याकडून लोकरीचा कोट शिवून घेतला. कोट अंगावर असा बसला, की नाईक आरशापुढून हलेनात. पुढच्या बाजाराला ते आले ते घोंगडीत एक पिल्लू गुंडाळून.

"हे तुले, मास्टर. खुशीनं देऊन राह्यलो."

पिल्लू राखाडी, काळ्या ठिपक्यांचं, नुसतं पायच पाय. अंगावरचे केस राठ, पण कान हातात घेतला तर मऊसूत.

"बंजारी जात हाय," भाऊसिंग म्हणाले. "आमचे आजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरत, तवा हे कुत्रे संगं चालत. मादी हाय. एकाच माणसाची होऊन राह्यते. परक्याले अंगाले हात नाई लावू देत."

युनूसला नको म्हणायचं होतं. पण नको म्हणायलाही बोलावं लागतं.

दुकानाला लागूनच असलेल्या घरी त्याची आई सुलतानबी दारातच आडवी उभी राहिली. "कुत्रं असते त्या घरात फरिश्ते येत नाईत, बेटा. शिकारीचं असो का राखणीचं. उंबऱ्याच्या आत त्याचा पाय नाई पडला पायजे."

तेव्हा पिल्लू राहिलं दुकानामागच्या छपरीत. युनूसने त्याच्यासाठी एक जुना सदरा वेगळा काढला. पिल्लाला हाताळताना तो घालायचा आणि नमाजाआधी धुऊनपाखळून बदलायचा. त्याची बायको नसीम दुधात भाकर कुस्करून छपरीत नेऊन ठेवी. त्या कानांवरून तिनेच नाव ठेवलं, मखमल.

पावसाळा सरेपर्यंत मखमल उंच झाली. शिलाई मशीनचा खडखडाट ऐकत वाढलेली, म्हणून मशीन चालू असली की तिला झोप लागे आणि थांबली की जागी होई. संध्याकाळी युनूस तिला गावाबाहेरच्या पडीत रानात मोकळी सोडायचा. एकदा ती सशामागे धावली, आणि हा बांधावर उभा राहून पाहतच राहिला. खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमानीसारखी पाठ. कापडाचा चिंधीएवढा तुकडाही वाया न घालवता कुणी बेतावं, तसा तो देह बेतलेला होता. आपण जीव ओतून शिवलेला कोट लोकांनी पाहावा असं शिंप्याला वाटतं. युनूसला त्या दिवशी पहिल्यांदा तसं एका जनावराबद्दल वाटलं.

म्हणूनच समोरच्या किराणा दुकानाचे लखमीचंद सेठ अकोल्याहून बातमी घेऊन आले, तेव्हा युनूसने मशीन थांबवली.

"औंदा शेतकी प्रदर्शनात कुत्र्यांचंबी प्रदर्शन भरवून राह्यले, मास्टर. देशी कुत्र्यांचा वर्ग येगळा हाय. ने ना तुही मखमल!"

"तिथी काय करा लागते, सेठ?"

"कुत्र्यानं गुमान उभं राहाचं. सायेब दात पायते, पाय पायते, चालवून पायते. मालकानं दोरी धरून संगं राहाचं."

"लोकायपुढं?"

"मंग काय घरात बसून?" सेठ हसले.

युनूसने नाव पाठवलं आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. कुत्र्याला काय शिकवायचं हेच त्याला माहीत नव्हतं. मखमल त्याच्यासमोर शहाणी होती, पण परका माणूस दिसला की मशीनच्या पायपट्टीमागे शिरायची. ओढून काढावी तर गुरगुरायची. दोरी बांधली की कधी चारी पाय रोवून बसायची, कधी असा हिसका द्यायची की युनूस तोंडावर पडता पडता वाचायचा. आठवडाभर त्याने कधी लाडाने तर कधी दरडावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मग एक दिवस तो एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं माप घेत होता. "उभे राहा," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. गिऱ्हाईक सरळ उभं राहिलं. युनूसने खांद्यावर टेप ठेवली, छातीभोवती फिरवली, बाहीवर आणली. माणूस हलला नाही. अंगाला परका हात लागतोय, पण तो हात काय करणार हे ठाऊक आहे, म्हणून माणूस निवांत उभा आहे. हे युनूस रोज पाहत होता, पण तिकडे त्याचं लक्ष आजच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मखमलचं माप सुरू झालं. तिला लाकडी पाटावर उभी करायची, "उभी" म्हणायचं, आणि टेप लावायची. आधी पाठ, मग छाती, मग एकेक पाय, शेवटी ओठ वर करून दात. रोज तोच क्रम. संपलं की गुळाचा खडा. ती टेप लागताच स्थिर राहू लागली. मग टेप न लावता नुसता हात. मग लखमीचंद सेठांचा हात, मग ओळखीच्या गिऱ्हाइकांचा. कपडे न्यायला आलेला माणूस आधी मखमलचे दात पाहून जाऊ लागला. सेठ तर दर दुपारी साहेबाचा आव आणत, पाठीमागे हात बांधून यायचे आणि म्हणायचे, "हूं! दिखाव!"

युनूसला हुरूप आला. बाजाराच्या दिवशी त्याने तिला भर गर्दीत न्यायचं ठरवलं. गल्लीच्या तोंडापर्यंत नीट गेली. पुढे भांडीवाल्यांच्या पालांपाशी लोक वळून बघू लागले. कुणीतरी ओरडलं, "पाहा बाप्पा, शिंप्यानं वाघ पाळला!" हशा पिकला. युनूसचे पाय जागीच खिळले. त्याच क्षणी मखमलने हिसका दिला, दोरी घामेजल्या हातातून सुटली आणि ती भांड्यांच्या राशीतून उडी मारून पसार झाली. पितळी भांडी दणादण घरंगळली. लोक पोट धरून हसत होते आणि युनूस मधोमध उभा होता. मखमल सापडली ती दुकानामागच्या छपरीतच, थरथरत.

"मी नाई जात अकोल्याले," तो नसीमला म्हणाला. "भित्री हाय ते. तिच्यानं नाई होणार."

नसीम पीठ मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "वाईट नोका मानू, पण दुकानात परके लोक तिच्या तोंडात हात घालतेत, तवा नाई भेत ते. मंग बाजारात काहून भेली?"

युनूस सुटलेली दोरी मनगटाभोवती गुंडाळू लागला.

"भेले तुमी. ते तुमच्याकडंच पाहून राह्यलती. दोरीच्या या टोकाचं त्या टोकाले कळते. तिचं शिकून झालं, आता तुमचं राह्यलं."

बोलणं त्याला झोंबलं. दिवसभर तो तिच्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तो मखमलला घेऊन गल्लीत निघाला. नसीमने अट घातली होती, की वाटेत जो दिसेल त्याला आपण आधी सलाम करायचा, आणि त्याला ऐकू जाईल असा करायचा. पहिला सलाम त्याने भिस्त्याला केला. आवाज असा फाटून बाहेर पडला की भिस्ती दचकला. दुसरा न्हाव्याला, तिसरा लखमीचंद सेठांना. सेठ गादीवरून अर्धे उठले. "रामराम, मास्टर! आज काय सूर्य कोणीकडून उगवला?"

रोज सकाळी हे चाललं. हळूहळू युनूसची मान वर आली, आणि मान वर आली तशी दोरी सैल पडली. मखमल त्याच्या गुडघ्याशी लागून डौलात चालू लागली. लोकांना शिंप्याचा आवाज माहीत झाला. भांडीवाले स्वतःहून हाक मारू लागले, आणि तो त्यांच्या पालांपाशी थांबून दोन शब्द बोलू लागला. घाम सुटायचाच, पण घामासकट बोलता येतं हे त्याला कळलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो मखमलला घेऊन छकड्यातून कारंज्याला गेला, तिथून अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीने मूर्तिजापूर आणि पुढे अकोला. दुसऱ्या दिवशी, प्रदर्शनाची खबर लागलेले भाऊसिंग नाईक तोच लोकरी कोट घालून तांड्यातल्या चारसहा जणांसह मैदानावर हजर होते.

मैदानात तंबू, झेंडे, बँड. साहेब लोकांची कुत्री नोकरांच्या हातून कंगव्याने विंचरून घेत होती. देशी वर्गात एका बड्या जमीनदार मालगुजाराची उंच शिकारी कुत्री होती, गळ्यात चांदीची कडी. मखमलच्या गळ्यात युनूसने शिवलेला जाड कापडी पट्टा होता. दोरांनी आखलेल्या चौकोनात पाऊल टाकताच युनूसने दोरी आखडून धरली. चारी बाजूंनी माणसंच माणसं. मखमलने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

शेजारच्या कुत्र्याच्या मालकाकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "सलाम अलैकुम, भाई."

"वालेकुम सलाम," तो माणूस म्हणाला. दोरी सैल पडली.

"उभी."

मखमल उभी राहिली. तपासणारा गोरा लष्करी साहेब होता आणि त्याच्यासोबत जनावरांचे डॉक्टर. साहेबाने पाठीवरून हात फिरवला, छाती पाहिली, पाय उचलले, ओठ वर केले. ती पुतळ्यासारखी. चालायला सांगितलं तशी दोघं चालली, वळली, परत आली. साहेब डॉक्टरांशी इंग्रजीत काही बोलला.

डॉक्टर म्हणाले, "साहेब विचारतात, कुत्रं गावठीच ना? कसलं मिश्रण आहे?"

युनूसने दोराबाहेर पाहिलं. भाऊसिंगांचा चेहरा पडला होता. ते तिथून बोलू शकत नव्हते. बोलायचं तर यालाच होतं.

"गावठी नाई, हुजूर," युनूस म्हणाला, आणि आपला आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेल्याचं त्याला स्वतःलाच ऐकू आलं. "मिश्रण बी नाई. बंजारी जात हाय. बंजाऱ्यांच्या पिढ्यांनी बैलांच्या तांड्यासंगं चालवून हे जात राखली. ते पाहा, नाईक उभे हायेत. त्यायच्या घरची हाय."

डॉक्टरांनी साहेबाला समजावलं. साहेबाने भाऊसिंगांकडे पाहिलं, पुन्हा मखमलकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

पहिला नंबर मालगुजाराच्या कुत्रीला गेला. मग भोंग्यातून आवाज आला, "देशी वर्ग, दुसरा क्रमांक, मखमल, बंजारी जात, मंगरूळपीर." साहेबाने लाल फीत युनूसच्या हातात दिली आणि हात पुढे केला. युनूसने तो हात धरला. दोराबाहेर तांड्यातल्या माणसांनी आरोळी ठोकली. भाऊसिंग मात्र ओरडले नाहीत. त्यांनी डोक्यावरचं पागोटं सारखं केलं, कोटाची बटणं लावली आणि ताठ उभे राहिले.

"बंजारी जात म्हणला भोंगा," ते वाटेत म्हणाले. "तू आयकलं ना, मास्टर?"

"आयकलं, नाईक."

"अख्ख्या अकोल्यानं आयकलं."

युनूस मंगरूळला पोचला तेव्हा लखमीचंद सेठांनी आपल्या दुकानाच्या पायरीवर पेढ्यांची परात ठेवली होती. भांडीवाले आले, भिस्ती आला, न्हावी आला. मखमलने सगळ्यांना दात पाहू दिले. नसीम दाराच्या पडद्याआडून पाहत होती. तिच्याकडे बघून युनूसने फीत उंच धरली. बाजारातल्या त्या दिवसाबद्दल दोघांनी पुन्हा कधी काही बोलायची गरज उरली नाही.

सुलतानबी अंगणात बाजेवर बसली होती. कुत्री बाहेरच राहिली, तो हातपाय धुऊन, सदरा बदलून आत आला.

"साहेबाले तोंडावर जबाब दिला म्हणतेत तू," ती म्हणाली.

"हाव, अम्मी."

"काय बोलला?"

त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने पदर सावरला, भिंतीपलीकडे हाक मारली, "सुगराबी! ओ सुगराबी! इकडं ये जरा," आणि शेजारीण भिंतीवरून डोकावताच मुलाकडे वळली.

"सांग तिले. पहिल्यापासून सांग. आन जोरात सांग, बेटा, तिले कमी आयकू येते."

युनूस उठून भिंतीपाशी गेला आणि जोरात सांगू लागला.