आजारी माणसासारखं फुंका

संशोधन विभागाचा बोळ दवाखान्याच्या अगदी मागच्या अंगाला होता आणि त्याच्या दोन्ही भिंती पाट्यांनी भरल्या होत्या. 'गुडघे दुखतात? आम्हाला भेटा.' 'साखर आटोक्यात येत नाही? कदाचित तुमचीच निवड होईल.' 'अर्धशिशीचे रुग्ण हवेत.' 'चालताना दम लागतो? छातीच्या नव्या औषधाची चाचणी.' पाट्यांवरची माणसं हसरी, तुकतुकीत. आजारी पडायला एवढं नटूनथटून कोण बसतं, असं तिच्या मनात आलं.

"भरती जोरात दिसतेय," नवरा बाकावर टेकत म्हणाला. मग थांबला, श्वास गोळा केला आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. "शिक्षणाची अट नाही वाटतं."

"अट आहे. ती सांगून सांगून माझं तोंड दुखायची वेळ आलीय."

"आहे लक्षात."

"काय आहे लक्षात?"

"फार फुंकायचं नाही."

"आजारी माणसासारखं फुंका, एवढंच म्हणते मी."

"आजारीच आहे की मी."

"मग कठीण काय त्यात!"

कठीण काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्याची फुप्फुसं आतून राठ होत चालली होती, भिजून वाळलेल्या चामड्यासारखी. नेहमीच्या छातीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. होती ती औषधं देऊन झाली, एक नवं आहे पण ते अजून तपासणीत आहे, तिथे घेतलं तर बघा, म्हणाले. परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवरून शोधाशोध केली आणि सगळी माहिती काढली. गोळ्या दीड वर्ष मिळणार. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना खडूची, आणि कोणाला कुठली ते डॉक्टरलासुद्धा कळू देत नाहीत.

"पण आई, बाबांचा श्वास त्यांच्या मापात बसायला हवा. धडधाकट माणसाचा शंभर धरला, तर ऐंशीच्या खाली आणि पंचेचाळीसच्या वर. फार बरा माणूस घेत नाहीत. फार आजारीही घेत नाहीत."

"म्हणजे बेताचा आजारी."

"हो, बेताचा."

आणि बाबांचा मागच्या तपासणीतला आकडा बरोब्बर ऐंशीवर टेकलेला. एक केस इकडे की तिकडे. खडूच्या गोळीच्या रांगेत उभं राहायलाही परीक्षा द्यायची होती, आणि पास व्हायचं तर कमी गुण मिळवायचे होते.

पण हा माणूस आयुष्यभर फुंकूनच पोट भरत आला होता. काचेच्या कारखान्यात मोठ्या दिव्यांचे गोल गोळे तो फुंकायचा. लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतली रसरशीत काच घ्यायची, नळी सारखी बोटांत फिरवत ठेवायची, आणि एका दमात, कुठे न अडखळता, गोळा फुगवत न्यायचा. दम मध्ये तुटला की काचेवर वळ उठतो. गाल असे फुगायचे की सगळ्या कारखान्यात त्याचं नाव फुग्या पडलं. पाहुणे आले की मालक त्यांना आधी फुग्यापाशी आणून उभं करायचा.

ती तिथेच पॅकिंगला होती. गोळा उजेडात धरायचा, आत बुडबुडा किंवा वळ दिसला की बाजूला. बाजूला काढलेले गोळे फोडून पुन्हा भट्टीत जायचे. कामावर आली त्याच आठवड्यात तिने फुग्याचा गोळा बाजूला काढला होता. तो तरातरा पॅकिंगच्या टेबलाशी आला. "कुठाय वळ? दाखव!" तिने बोट ठेवून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्याने असा गोळा पाठवला की ती तो उजेडात धरून बघतच राहिली. लग्न त्यानंतर बऱ्याच उशिरा झालं, पण तिच्या लेखी ठरलं ते तेव्हाच. असा हा माणूस. कोणी त्याच्या फुंकीला नावं ठेवायचाच अवकाश, पुढची फुंक त्याच्या आवाक्याबाहेरची निघायची.

श्वास मोजणारी मुलगी लेकीहून लहान होती. तिने त्याच्या नाकाला चिमटा लावला आणि पुठ्ठ्याची नळी हातात दिली. समोरच्या पडद्यावर मेणबत्त्या मांडलेल्या. आपण फुंकायचं आणि त्या विझतात.

"हे लहान मुलांचं आहे खरं, पण मोठ्यांनाही आवडतं. काका, नळी फिरवू नका हं, नुसती धरा."

बोटं आपसूक फिरायला लागली होती. ते बघून दाराबाहेर उभी असलेली बायको काचेला आणखी खेटली.

पहिली फुंक झकास आजारी निघाली. दोन मेणबत्त्या विझल्या, बाकीच्या जळत राहिल्या. तिने देवाचे आभार मानायला डोळे मिटले, तर आतून त्या मुलीचा आवाज, "हे काय काका? एवढंच? जोर नाही का राहिला अंगात?"

बिचारीचं कामच ते. प्रत्येकाला चढवायचं, म्हणजे तो पुरता फुंकतो. दिवसभर तेच म्हणत असणार. पण फुग्याने नळीवरून मान वर केली आणि ती मान बायकोने ओळखली. टेबलाशी तरातरा आलेली तीच मान.

"अहो!" ती काचेवर बोटं वाजवत म्हणाली. आत कोणाचं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी फरक पडला नसता.

"फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका!" मुलगी ओरडत होती आणि मेणबत्त्या पटापट विझत होत्या. तिसऱ्या फुंकीला एक उरली नाही. मुलीने टाळ्या वाजवल्या. याचे ओठ निळे पडलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की बायकोला ते काढून घ्यावंसंही वाटेना आणि बघवेना.

तिन्हींतली सर्वांत चांगली फुंक धरतात. त्र्याऐंशी आले.

"खरं तर चांगलीच बातमी आहे," गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या समन्वयक बाई म्हणाल्या. "काकांची तब्येत आमच्या मापापेक्षा बरी आहे."

"मग जिन्यात बसून घेतात ते कशाला?" तिने विचारलं.

बाईंनी कागद फायलीत लावला. वाईट त्यांनाही वाटत असावं, पण दिवसातून किती जणांसाठी वाटून घेणार. "काही महिन्यांनी पुन्हा एकदा बघता येतं. जागा उरल्या तर. दुसऱ्या खेपेला नाही जमलं, तर मात्र तिसऱ्यांदा घेत नाहीत."

बाहेरच्या जिन्यावर तो मधल्या वळणालाच खाली बसला. ती शेजारी उभी राहिली, बसली नाही.

"तुम्हाला जन्मात एकदा मुद्दाम हरता आलं नाही ना?"

"ती म्हणाली, जोर नाही अंगात," तो धापा टाकत म्हणाला.

"म्हणू दे की! तिच्याशी लग्न लावायचंय का?"

"आता त्या वयाची..." त्याला हसू आलं, हसण्यातून खोकला आला आणि खोकला थांबेना. तिने पाठीवर हात फिरवला. राग हातात होताच, पण हात आपलं काम करत राहिला.

मग ती वाट बघायला लागली. कशाची ते तोंडाने कोणी बोललं नाही. सकाळी तो दाढी करायचा तेव्हा ती स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. आधी उभ्याने करायचा. मग स्टूल घेतलं. एके दिवशी अर्ध्या दाढीत थांबला आणि फेस गालावर तसाच वाळला. ते पाहून तिच्या मनात पहिलं आलं ते, चला, आता बसेल मापात. आपल्याच मनात काय येऊन गेलं ते कळल्यावर तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिली.

"बाबा कसे आहेत?" लेक फोनवर विचारायची.

"बरे आहेत, काय करणार."

"आई, काय बोलतेस!"

"तूच सांगितलंस ना बेताचा लागतो म्हणून? मग वाट बघतेय बेताची."

मग लेक रडायला लागली आणि उलट तिलाच समजवावं लागलं.

तो सगळं ऐकत असे. एका संध्याकाळी तिला म्हणाला, "या वेळी तुझंच ऐकतो. तू शिकव, कसं फुंकायचं ते." मग दोघं पलंगावर समोरासमोर बसली. तिने जुन्या वहीचा पुठ्ठा गुंडाळून नळी केली. हळू. मध्येच सोडा. आता खोका. छे, एवढं खोटं नका खोकू! खरा खोकला आला की दोघं थांबायची. आयुष्यभर ती त्याचे वळ काढत आली होती, आता घालायला शिकवत होती.

पुन्हा बोलावणं आलं तेव्हा बोळातल्या अर्ध्या पाट्या बदलल्या होत्या. छातीची पाटी जागेवर होती. समन्वयक बाई म्हणाल्या, "एकच जागा आहे काकू, बरं झालं लवकर आलात."

मुलगी तीच. मेणबत्त्या त्याच. "या काका! आठवतात मला तुम्ही. चला, दाखवा मागच्यासारखं!"

तो हसला नाही. एकदा दाराकडे, बायकोकडे बघितलं, आणि अगदी शहाण्या मुलासारखं फुंकलं. हळू. मध्येच सोडलं.

"असं नाही काका. पूर्ण."

पुन्हा फुंकलं, या वेळी थोडं जास्त. तिसऱ्यांदा खूपच कमी. मुलगी चढवत होती, ओरडत होती, आणि तो मन घट्ट करून ऐकत नव्हता. पाच झाल्या, सहा झाल्या. एकीचा दुसरीशी मेळ नाही. एक दम शेवटपर्यंत सारखा कसा न्यायचा हे त्याच्या हाडांत होतं, पण खोटं सारखं फुंकायचं कसं ते त्याला कुठे येत होतं? आणि पुठ्ठ्याच्या नळीवरून शिकवणारीला तरी कुठे!

समन्वयक बाई आत गेल्या, पडद्यावरच्या रेघा बघितल्या. "फुंका जुळल्या नाहीत तर तपासणी धरतच नाहीत, काका. जोर लावला नाही असं लिहून येतं आणि नाव आपोआप बाद होतं. गेलंसुद्धा औषधाच्या कंपनीकडे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मुद्दाम तर नाही ना करत तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला.

बाई गेल्यावर त्या मुलीने कोपऱ्यातलं साधं यंत्र ओढलं. "हे कंपनीचं नाही, काका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आकडा कळवता येईल. एकदाच, मनापासून."

त्याने नळी घेतली. बोटं फिरायला लागली, या वेळी तिने टोकलं नाही. दाराबाहेरून बायकोने पाहिलं, सगळा माणूस त्या फुंकीत उतरला. पूर्वीपेक्षा पुष्कळच आखूड होती फुंक. पण कुठे वळ नव्हता.

तो चिमटा काढून चपला शोधत होता तेवढ्यात मुलगी दाराशी आली. "काकू, एकाहत्तर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "अगदी मापात. हे मघाशी का नाही केलं हो त्यांनी? नुसतं नेहमीसारखं फुंकायचं होतं."

बायको दाराची चौकट एका हाताने धरून उभी राहिली.

तो सावकाश आला. "काय म्हणाली गं?"

एकाहत्तर तिच्या जिभेवर आले होते.

"म्हणाली, काकांसारखं फुंकणारा दुसरा बघितला नाही."

"बघ!" तो म्हणाला. मान थोडी वर झाली. हे त्याला वाचवायला बोलली की स्वतःला, ते तिने तपासून बघितलं नाही. काही गोष्टी उजेडात धरायच्या नसतात.

"आणि माप? बसलं नसतंच ना?"

"नसतं."

"मग झालं तर. तुझं ऐकलं याचं समाधान."

पाट्यांमधून दोघं जिन्यापर्यंत आली. मधल्या वळणावर तो बसला. या वेळी ती शेजारी बसली आणि त्याचा दम परत येईपर्यंत, मनाला नको म्हटलं तरी, त्याचे श्वास मोजत राहिली.