रंगूचा जबाब

“नातं काय लिहू?” कोर्टातल्या नकलांच्या खिडकीतून विष्णुपंत कारकुनांनी विचारलं.

“आई,” साळूबाई म्हणाली.

“तसं नाही हो बाई. खटल्याशी नातं. खटला चालवला सरकारनं, आरोपी तुमचा जावई. तुम्ही यात कोण?”

चौथी खेप झाली तरी हे काही साळूबाईच्या डोक्यात शिरेना. लेक तिची, रंगू. कुऱ्हाड पडली ती लेकीच्या डोक्यात. अन् खटला म्हणे सरकारचा! जावयाला जन्मठेप झाली, तर निकालाची नक्कल त्याला तुरुंगात फुकट पोचली. हिनं मात्र घोडेगावाहून एस्टीचे धक्के खात यायचं, अन् “साहेब रजेवर आहेत” ऐकून परत जायचं.

“निकाल नगं मला. दवाखान्यात सायबानं रंगूचा जबाब लिवला, तेवढाच द्या. पोलिसानं मला दाराशीच बसवलं. सायब भाईर आला तवर ती गेल्ती. काय बोल्ली, कुनी सांगंना.”

पंतांनी चष्मा पुसला. “मग ‘त्रयस्थ’ लिहावं लागेल.”

“म्हंजी?”

“म्हणजे... ज्याचा खटल्याशी संबंध नाही, असा माणूस.”

“लिवा. कोर्टाला ग्वाड वाटंल ते लिवा,” असं म्हणून तिनं अंगठा पुढं केला.

महिन्यानं नक्कल मिळाली. दोन पानं, खाली गोल शिक्का. साळूबाईनं ती उलटसुलट केली आणि तशीच खिडकीतून आत सरकवली. “वाचा की.”

“ओ मावशी, आटपा. आमाला बी गाडी हाय,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

पंत नेहमीच्या कोरड्या आवाजात वाचू लागले. “प्रश्न, कुणी मारलं? उत्तर, मालकानं. प्रश्न, का? उत्तर, माहेरी जाते म्हणाले म्हणून.” आणि इथं त्यांचा आवाज उतरला. “प्रश्न, आणखी काही सांगायचंय? उत्तर, माझ्या आईला बोलवा.”



“दारातच हुते की मी,” साळूबाई म्हणाली. “तेवढं लिवा त्यात. आई दारात हुती म्हनून.”

“आता त्यात कुणालाच काही लिहिता येत नाही, बाई.”

“व्हय.” तिनं कागद आपल्याकडं ओढला. “कंच्या वळीत हाय, ते तरी दावा.”

पंतांनी खिडकीतून हात काढून ओळ दाखवली. साळूबाईनं तिथं आपलं बोट टेकवलं.