सासूबाईंचा पहिला टाका

शाळेतली रिकामी खोली प्रयोगशाळेला द्यायची की पीटीच्या सरांच्या चटयांना, हे मुख्याध्यापिका आज ठरवणार होत्या. म्हणून जीवशास्त्राच्या बाईंनी पेशीत प्रथिनं कशी तयार होतात ते माणसं उभी करून दाखवायचा घाट घातला. मुलांच्या परीक्षा चालू, तेव्हा माणसं आणली घरचीच. तिथेच सगळं फसलं.

सासऱ्यांचा जन्म रेकॉर्ड सांभाळण्यात गेलेला, म्हणून ते झाले पेशीचं केंद्रक. मूळ रंगीत पट्टी मांडीवर घेऊन ते पडद्याआड बसले. मुख्याध्यापिकांनी ती बघायला मागितली, तर म्हणाले, "नक्कल मिळेल."

"बरोबरच आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "पेशीतही मूळ सूचना आतच राहतात. बाहेर येते ती नक्कल."

ती नक्कल फळ्यावर दोन ओळींत चिकटवलेली होती. चार रंगांचे चौकोन, आणि तीन-तीन चौकोन मिळून एकेक मणी सुचवणारे. ते वाचून मण्यांची माळ, म्हणजे प्रथिन, ओवायचं काम सासूबाईंकडे. अख्ख्या घराला त्यांनी विणलेले स्वेटर असल्यामुळे बाईंना हाताची काळजी नव्हती. मणी आणायचे दिरांनी. पेशीत प्रत्येक तिकडीचा हमाल वेगळा, म्हणून दर खेपेला वेगळी टोपी.

"वहिनी, दोन मणी एकदम आणतो ना. टोप्या बदलून डोकं गरगरायला लागलं."

"एका खेपेला एकच, भावोजी."

"पेशीत हमालांची युनियन नाही वाटतं."

पहिली ओळ झकास झाली. दुसऱ्या ओळीला मात्र गुलाबी मणी यायचा तिथे काळा आला, मग करडा. एवढ्यात सासूबाईंनी दोऱ्याला गाठ मारली आणि माळ खाली ठेवली.

"आई, अजून बरीच ओळ राहिलीये."

"थांबायची तिकडी आली की माळ सोडायची, तूच सांगितलंस ना?"

बाईंनी फळ्यावर बोट फिरवलं. "आई, ह्या ओळीचा पहिला चौकोन वाचलात का?"

"तो नुसता उतरवून घेतला. दुसऱ्या ओळीपासून पहिला टाका कधी विणतात का? कडा वेडीवाकडी होते."

बाईंना वाटलं, गेली खोली. खोटं बोलायचं धाडस काही झालं नाही. "एक चौकोन गळला की पुढच्या सगळ्या तिकड्या सरकतात, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "पेशीतही असं होतं कधी कधी."

"मग पेशी काय करते अशा माळेचं?"

"मोडते, आणि मणी पुन्हा वापरते."

सासूबाईंनी तोवर गाठ सोडलीच होती. "उसवायला कितीसा वेळ? ह्यांचा एकेक स्वेटर उसवून उसवूनच झालाय."

"तरी बाह्या लहानमोठ्याच," पडद्याआडून आवाज आला.

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. "माळ सुरळीत झाली असती ना, तर मी टाळ्या वाजवून निघून गेले असते. आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं. खोली तुमची. चटया एका कोपऱ्यात राहू देत. आणि किल्ली ठेवायला ह्यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही." असं म्हणून त्यांनी किल्ली पडद्याआड दिली.

त्या गेल्यावर बाईंनी मोठ्या उत्साहाने हात पुढे केला. "बाबा, किल्ली?"

पडदा हलला नाही.

"नक्कल करून घ्या."