विसावं वाक्य

ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या सेमिनरीत पाळकीय समुपदेशनाच्या पदव्युत्तर वर्गाला एक कडक नियम होता. रुग्णाच्या खाटेपाशी वही न्यायची नाही. खोलीवर परतायचं आणि झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं उतरवायचं, क्रमांक घालून. रुग्णाची वीस वाक्यं हवीतच.

ती रसायनशास्त्र सोडून इथे आली होती. "आता माणसांना परीक्षानळीत घालणार का?" म्हणून थोरला भाऊ चिडवायचा. शेवटच्या नोंदीवर तिची पदवी अडली होती, आणि वॉर्डात तिच्या वाट्याला आलेले लिफ्टवाले आजोबा सहा वाक्यं बोलून घोरायला लागले होते.

उरलेली चौदा तिने मनानेच रचली. चाळीस वर्षं लिफ्ट चालवलेला माणूस काय बोलेल? पेन अडलं तेव्हा स्वतःच्या आतलं काढून तिने त्यांच्या तोंडी घातलं. शेवटी कंसात लिहिलं: यानंतर रुग्ण बोलले नाहीत.

सर खूश झाले. "इतकं मोकळं कुणी बोलत नाही गं! उद्या एकदा भेटून ये, मग सही करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात लख्ख ऊन होतं. आजोबा जागेच होते. तिने स्टूल ओढलं.

"तिसऱ्या मजल्यावर एक छोटी मुलगी यायची," ते म्हणाले.

तिने रचलेलं, कागदावरचं सातवं वाक्य. लिफ्ट, मजला, मुलगी. जुळू शकतं, तिने स्वतःला बजावलं. तपासायचं म्हणून तिने कागदावरचा प्रश्न विचारलाच नाही.

"जेवलात का, आजोबा?"

"रोज तोच फ्रॉक."

आठवं. तिने उशीचं विचारलं, औषधाचं विचारलं, खिडकी लावू का म्हणाली. दर वेळी पुढचं वाक्य आलं, अक्षरही न बदलता.

"उघड, उघड म्हणत दार वाजवायची." अठरा.

"मी रुसलो होतो. उघडलं नाही." एकोणीस.

हे तिच्या घरात घडलं होतं. दार वाजवून दमलेली धाकटी एकटीच रस्त्यावर गेली आणि परत आली नाही. त्या दाराचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता उरलं विसावं, 'आता उघडतो.' आणि त्याखाली तो कंस: यानंतर रुग्ण बोलले नाहीत.

आजोबांचे ओठ हलले.

"आजोबा, थांबा!" ती ओरडली. नर्सने वळून पाहिलं. "हे तुमचं नाही. माझी बहीण होती ती. दार मी लावलं होतं. तुम्ही झोपलात आणि मी खोटं लिहिलं."

आजोबांनी मान तिच्याकडे वळवली. मग कागदावर कुठेच नसलेलं बोलले.

"मग घेऊन जा की बाई तुझं तू. कालपासून छातीवर बसलीय ती."

संध्याकाळी तिने सरांना सगळं सांगितलं.

"वर्ष गेलं तुझं," सरांनी कागद परत दिला. "रुग्णापाशी खरं बोललीस, तेवढं मात्र बरं केलंस."

सरांच्या पाचव्या मजल्यावरच्या खोलीतून ती लिफ्टने एकटीच निघाली. तिसऱ्यावर लिफ्ट थांबली. दार मात्र बंदच राहिलं. बाहेरून कुणीतरी वाजवलं. खालच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, छोट्या मुठीने.

कागद तिच्या हातात चुरगळला. तळमजल्याचं बटण बोटाशीच होतं.

"आता उघडते," ती म्हणाली, आणि दार उघडायचं बटण दाबून जागा करायला बाजूला सरकली.