सुभेदाराचा उपास

"आबा, तुमी सशांना मारता व्हय?"

भाकरीवर पिठलं घेत असलेल्या बापाला अंजनानं हे असं थेट विचारलं, आणि विचारल्यावर तिचं तिलाच वाटलं, आता चुलीत तोंड घालावं. पण पैज ती पैज. शनिवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत उमानं आणि चारुलतानं तिला घेरलं होतं. चारुलताचा दादा डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकत होता. तिथल्या प्राण्यांच्या घरात ज्ञानू नावाचा माणूस ससे सांभाळतो, हे त्यानंच घरी सांगितलेलं. "वक्तृत्वात ढाल आणलीस ना? मग वडिलांना एवढं विचारून दाखव की! का घाबरलीस?" घाबरेल ती अंजना कसली! नववीत गेल्यापासून आणि ती ढाल हातात आल्यापासून तिला आभाळसुद्धा दोन बोटं खाली आल्यासारखं वाटत होतं.

ज्ञानूनं घास खाली ठेवला. "मी पोसतो," एवढंच म्हणाला.

"आन् मग मारतं कोण?"

"गिळू दे की त्यास्नी!" आई, मनुबाई, चुलीपाशी कडाडली. "ढाल मिळाल्यापासनं जिभंला हाडच ऱ्हायलं न्हाई हिच्या!"

ज्ञानू मात्र रागावला नाही. तो मूळचा जतकडचा, मेंढरं राखणारा. दुष्काळात मेंढरं गेली तसा बायको-पोरीला घेऊन सांगलीला आला, आणि जनावरांची नस कळते म्हणून ही नोकरी लागली. "उद्या श्रावणी सोमवार," तो म्हणाला. "शाळा अर्धीच असंल. माझा उपासाचा डबा घिऊन ये आन् बघ सोताच्या डोळ्यानं."

दुसऱ्या दिवशी अंजना डबा घेऊन गेली ती तरंगतच. प्राण्यांचं घर म्हणजे कॉलेजच्या मागं एक लांबडी कौलारू इमारत. आत गवताचा, मुताचा आणि फिनेलचा एकत्र वास. एका बाजूला पांढरे उंदीर, पलीकडं शिट्ट्या मारणारी गिनीपिगं, मागच्या पडवीत रक्त तपासायच्या कामासाठी पाळलेली दोन मेंढरं, आणि मधल्या भिंतीला सशांचे पिंजरे, एकावर एक. प्रत्येक सशाच्या कानात जांभळ्या औषधानं आकडा घातलेला.

वरच्या ओळीतल्या एका सशाचा एक कान ताठ आणि दुसरा आडवा पडलेला. सलाम ठोकून उभा असल्यासारखा! अंजना हसून हसून खाली बसली. तिचा रहिमतपूरचा मामा पलटणीतून रजेवर आला की अस्साच उभा राहायचा.

"आबा, ह्यो सुभेदार!"

"नाव ठिवू नगंस, पोरी."

"का?"

"नाव ठिवलं की हाक माराविशी वाटती. मग कठीण जातंय."

पण नाव तर ठेवून झालं होतं. सुभेदारानं जाळीतून नाक काढून तिची बोटं हुंगली आणि अंजना त्याची झाली.

ज्ञानूनं मग सगळं समजावून दिलं. उद्या सकाळी वरच्या ओळीतल्या सशांवर काम सुरू होणार. डॉक्टरबाई जांभळाच्या बियांची पूड पाजून रक्तातली साखर उतरते का ते बघणार. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, की झालं.

"आन् मरत न्हाईत?"

"न्हाई गं. ह्या कामातले जगत्यात. काम संपलं की पिलावळीसाठी ठिवून घ्यायचे, असं बाईच म्हणाल्यात. खालच्या ओळीतले तेवढे पोरांच्या प्रॅक्टिकलला जात्यात." पिंजऱ्याची कडी लावत तो म्हणाला, "ते परत येत न्हाईत."

अंजनानं खालच्या ओळीकडं बघितलंच नाही. आपला सुभेदार वरच्या ओळीत! तिला तर नाचावंसं वाटलं.

ज्ञानूनं वरच्या ओळीतल्या खाण्याच्या वाट्या काढून घेतल्या. "आतापासनं ह्यास्नी उद्यापतोर उपास. निस्तं पाणी," असं म्हणून तो मेंढरांकडं गेला. डबा तिथंच, पोरीजवळ.

सुभेदार वाटीची रिकामी जागा चाटत होता. पुन्हा पुन्हा. अंजनानं डबा उघडला. डब्यात उकडलेली रताळी होती, आईनं सकाळी केलेली. तिच्या घरात सोमवार होता, चतुर्थी होती, एकादशी होती, आणि कोणत्याही उपासाला आई आधी रताळ्याचा हारा पुढं ओढायची. भातानं उपास मोडतो, भाकरीनं मोडतो. रताळ्यानं मोडल्याचं अख्ख्या सांगलीत कुणी ऐकलं नव्हतं! देवाला चालतं ते डॉक्टरबाईंना का चालू नये? तिनं अर्धं रताळं जाळीतून आत सरकवलं. सुभेदारानं ते पुढच्या पायांखाली दाबून असं मिटक्या मारत खाल्लं की तिला वाटलं, आज आपल्या हातून पुण्य झालं.

मंगळवारी शाळेत तिचा थाट काय विचारता! "मारत नाहीत, ऐकलंत? माझा सुभेदार तर साखरेच्या कामावर नेमलाय!" चारुलतानं हरल्याबद्दल मुकाट्यानं आपला पेरू दिला, आणि अंजनानं तो बियांसकट फस्त केला.

संध्याकाळी ज्ञानू आला तो उंबऱ्यातच बसला. चप्पल काढली नाही, पाणी मागितलं नाही.

"अंजे, काल रताळं तू दिलंस?"

"व्हय. उपासाचंच हुतं की."

त्यानं डोळे मिटले. "सक्काळी पूड पाजायच्या आदी रगत बघितलं. साऱ्यांची साखर खाली, त्या एकाचीच वर. गवतात रताळ्याची साल घावली. बाईंनी त्याला कामातनं काढला."

"मग? पुढच्या खेपंला घेतील."

"काम थांबत न्हाई. मी सवयीनं खालचा एक जादा उपाशी ठिवतो. त्यो वर गेला. त्यानं पूड पिलीबी." ज्ञानू पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. "आन् वरचा खाली आला. उद्या प्रॅक्टिकल हाय."

अंजनाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी बाईंस्नी सांगते! चूक माजी हाय, त्याची न्हाई!"

"मी सांगितलं, माज्या हातनं झालं म्हणून. बाई वरडल्यासुदिक न्हाईत. पर सांगून त्याच्या पोटातलं रताळं माघारी येतंय व्हय?"

"मग चोरून घरी आणा. आबा, आणा की हो! मी माज्या ताटातलं घालीन."

"आणला, तर खालचा दुसरा एक जाईल. त्याला कुणी नाव ठिवलं न्हाई, एवढंच."

अंजनानं तोंड उघडलं. कोणता दुसरा, असं विचारायला. काल खालच्या ओळीकडं तिनं बघितलंच नव्हतं. तिला एकाचंही तोंड आठवेना. आणि तिच्यानं विचारवलं नाही.

"आवं, लेकराला काय ठावं," मनुबाई हळूच म्हणाली. "रताळी मीच दिली डब्यात."

"कुणाचं काय न्हाई," ज्ञानू म्हणाला. "मीच तिला नीट समजावून सांगाय पायजे हुतं, दाणाबी चालत न्हाई म्हणून. आता उद्या न्यायचं कामबी माजंच. दुसऱ्यानं उचलला तर ससा बिचकतोय. लाथ झाडतोय, कंबर मोडून घेतोय. छातीशी धरला, डोळ्यावर हात ठिवला, की गप ऱ्हातोय."

म्हणजे रोज हे असं. रोज आबा उचलतात, छातीशी धरतात, दारापर्यंत नेतात, आणि घरी येऊन पिठलं-भाकरी खातात. अंजना बापाच्या हातांकडं बघत राहिली. मग फ्रॉकच्या बाहीनं तिनं नाक पुसलं आणि उठून दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"आबा, आये, उद्या मी शाळंत जाणार न्हाई. सुभेदाराला मी नेणार, त्या खोलीच्या दारापतोर. कसा धरायचा ते मला आत्ता शिकवा. आन् न्हाई म्हणू नगासा. काय रडायचं ते मी आज रडून घेते. उद्या माझं हात थरथरलं तर त्यो बिचकंल."